ओनरची ओळ

"बंद पडलं," राजमतीकाकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेडमध्ये एकाएकी शांतता झाली होती, आणि सायझिंगमध्ये शांतता म्हणजे नुकसान हे इचलकरंजीत कुणाला सांगावं लागत नाही. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावायची, गरम सिलिंडरांवरून फिरवत ते सुकवायचं आणि बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळायचं, हे सायझिंगचं काम. मशीन मध्येच थांबलं की खळीतल्या सुताचा लगदा होतो आणि सिलिंडरावरचं सूत करपतं. काकू पदर खोचून वाकल्या, करपलेल्या सुताची एक बट त्यांनी ओढून घेतली आणि तात्यांच्या हातात ठेवली.

"हे सूत माझं न्हाई तात्या, लोकांचं हाय. त्यास्नी काय सांगू? मगदूमांच्या डब्याला झोप आली म्हणून?"

तात्या मगदूम म्हणजे माझे मालक. 'मगदूम कंट्रोल्स' म्हणजे ते, मी आणि डबे जोडणारे दोन कामगार. तो डबा भिंतीवर टांगलेला असायचा. सिलिंडरांची उष्णता आणि सुताचा ताण मोजायचा, पडद्यावर दाखवायचा आणि दोन्ही ताब्यात ठेवायचा. आत लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालणारा छोटा संगणक. त्या काळी असलं काही गावात कुणी केलं नव्हतं. राजमतीकाकूंनी आपल्या मशीनवर तो चालवून बघायला होकार दिला होता, आणि काकूंकडे टिकलं ते सगळ्या सायझिंगवाल्यांकडे खपलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

काकूंच्या मागे निरंजन दाबके उभे होते. पुण्याचे. डब्यातलं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलेलं. ते मी लिहिते म्हणून मी तात्यांच्या पाठी लागले होते, पण तात्या म्हणाले, "त्रिशले, तू हुशार आहेस गं, पण सायझिंगवाले विचारतात की सॉफ्टवेअर कुणाचं. पुण्याचं म्हटलं की मान डोलावतात. आदगोंडा खोताच्या पोरीचं म्हटलं तर चहा पाजून वाटेला लावतील." ठरलं असं होतं, की काकूंकडची चाचणी पार पडली की पुढच्या सगळ्या डब्यांचं सॉफ्टवेअर दाबके सरांच्या कंपनीकडे कायमचं जाणार. मी वायरी खोचायच्या आणि तक्रारी आल्या की स्कूटीवरून पळायचं. आणि चाचणी फसली तर दुकानच बंद. म्हणजे माझी दोन्हीकडून पंचाईत. मला तो डबा जगायलाही हवा होता आणि माझा व्हायलाही हवा होता.

"तात्यासाहेब," दाबके सर चष्मा पुसत म्हणाले, "हाच कोड पुण्यात आमच्या टेबलावर महिनाभर अखंड चालतोय. एकदाही अडलेला नाही. तुम्ही जरा इथलं अर्थिंग तपासा."

तात्यांचा चेहरा उतरला. ते अर्थिंग त्यांनी स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून केलेलं होतं. माझं डोकं फिरलं. गप्प बसणाऱ्यातली मी आजही नाही, तेव्हा तर अजिबातच नव्हते.

"सर, अर्थिंगला सेटिंग बदललेलं कळतं का? हे दर वेळी सेटिंगचं बटण दाबल्यावरच मरतंय."

"योगायोग असू शकतो, मॅडम."

"तर मग हा योगायोग फार शिस्तीचा आहे," मी म्हटलं. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढचं वाक्य मी गिळलं.

डबा उतरवून आम्ही दुकानात आणला आणि मी दाबके सरांचा कोड वाचायला बसले. तो सुबक होता, हे कबूल करायला हवं. वाचता वाचता मनातल्या मनात मी दोनदा वा म्हटलं. आणि मग जे तिथं असायला हवं होतं ते दिसेना.

ते काय, ते नीट सांगते, कारण सगळी गोष्ट त्या एका ओळीवरच उभी आहे. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याला चालू असतानाच एखादा भाग जोडता येतो आणि काढताही येतो. अशा भागाला मॉड्यूल म्हणतात. आमच्या डब्यातला ड्रायव्हर, म्हणजे उष्णता आणि ताण वाचणारा भाग, असाच एक मॉड्यूल होता. प्रत्येक मॉड्यूलची कर्नलकडे एक ओळख असते: नाव काय, मेमरीत कुठं बसलाय, या घडीला त्याला किती जणांनी धरून ठेवलंय. कोड लिहिताना मॉड्यूलला स्वतःच्याच या ओळखीकडे बोट दाखवायचं असलं, की सी भाषेत 'धिस मॉड्यूल' असं लिहितात. सरळ मराठीत 'हा मी'. ड्रायव्हरमध्ये कामांचा एक तक्ता असतो: उघड, वाच, बंद कर. त्या तक्त्यात 'ओनर' नावाचा एक रकाना असतो. तिथं 'धिस मॉड्यूल' लिहिलं की कर्नलला कळतं, हे काम कोणाचं. मग तो कुणाही प्रोग्रामला आत सोडण्याआधी त्या मॉड्यूलला घट्ट धरतो, आणि आतला बाहेर पडल्यावरच सोडतो. तोवर कुणी मॉड्यूल काढायला गेलं तर साफ नकार.

दाबके सरांच्या तक्त्यात ही ओळ नव्हती.

पुण्यात त्यांचं काही बिघडलं नाही त्याचं कारणही मला सापडलं. तिथं त्यांनी ड्रायव्हर कर्नलमध्ये कायमचा बसवूनच तपासला होता. कायमचं बसलेलं कधी काढताच येत नाही, म्हणून तिथं 'धिस मॉड्यूल'ची किंमत नुसती शून्य असते. लिहा नाहीतर सोडा, सारखंच. इथं मात्र चालू मशीनवर ताणाचं किंवा उष्णतेचं सेटिंग बदललं, की डबा मॉड्यूल काढून नव्या आकड्यांसह डोळ्याचं पातं लवेपर्यंत परत जोडायचा. पडद्यावर आकडे दाखवणारा प्रोग्राम बहुतेक वेळा त्याआधी मॉड्यूलमधून बाहेर पडलेला असायचा. कधीतरी तो आतच राहायचा, आणि त्याच्या पायाखालचा मॉड्यूलच निघून जायचा. मग सगळा डबाच आडवा.

मला इतका आनंद झाला की मी तात्यांना हाक मारायच्या आधी एक भडंगाचा पुडा एकटीनं संपवला.

दाबके सरांनी कोड बघितला. बराच वेळ बघितला. "हं. राहिलं खरं," ते म्हणाले. माणूस खोटा नव्हता. पण मी ती ओळ लिहायला कीबोर्डकडे हात नेला तर त्यांनी मला थांबवलं. "मी करतो. माझा कोड आहे."

त्यांनी ओनरचा रकाना भरलाच नाही. त्यांनी 'उघड' या कामाच्या अगदी पहिल्या ओळीत मॉड्यूलला स्वतःलाच धरायला लावलं, आणि 'बंद कर'च्या शेवटच्या ओळीत सोडायला.

"सर, हे चालणार नाही," मी म्हटलं.

"का? मोजणी तर तीच होते. लिनक्स फ्लॉपीवरून यायचं तेव्हापासून मी असंच लिहितोय. तेव्हा सगळेच असं लिहायचे. माझे कितीतरी ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालू आहेत."

"पण पहिल्या ओळीपर्यंत पोचायला तरी आत पाऊल टाकावंच लागतं ना? आणि सोडल्यावर बाहेर पडायला अजून एक पाऊल उरतं. तेवढ्यात कुणी मॉड्यूल काढला तर?"

"तेवढ्यात म्हणजे किती? ती फट इतकी बारीक आहे की तुम्हाला दाखवताही येणार नाही."

आणि ते खरंच होतं. दुपारभर आम्ही सेटिंगचं बटण दाबत बसलो, डबा एकदाही मेला नाही. तात्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "चला, उद्या सकाळी काकूंकडं," ते म्हणाले.

"नको, तात्या. परत मरेल."

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

"कशानं?"

"सांगितलं की. आत शिरल्यावर धरून उपयोग नाही, बाहेरून आधी धरायला हवं."

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "त्रिशले, चूक तू काढलीस, शाब्बास. आता सर दुरुस्त करतायत तर तुझं काय नडलंय? काम तुला मिळालं नाही, हेच ना?"

ते मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. मला हेवा वाटत होता आणि तो मी लपवतही नव्हते. पण हेव्यानं चूक बरोबर होत नाही. मी तसं म्हटलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता दुकान बंद करून घरी गेलो.

सकाळी काकूंच्या शेडमध्ये डबा परत भिंतीवर चढला, मशीनला अजून जोडायचा होता. खळीचा आंबूस वास, सिलिंडरांची धग, आणि मशीन एका सुरात चाललेलं. दाबके सर काकूंना सांगत होते, की दोष सापडला, दूर केला, आता निर्धास्त राहा.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुझं तोंड का गं असं?"

"काही नाही, काकू."

"काही न्हाई कसं? तात्या तुझ्याकडं बगंनात, तू तात्यांकडं बगंनास. माझ्या मशीनवर बसवायचं हाय हे. मला कळंल असं सांगा."

मी सांगायला लागले आणि अडखळले. कर्नल, मॉड्यूल, तक्ता. माझे मलाच ते शब्द परके वाटायला लागले. काकू ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे मशीनवर होते. तेवढ्यात मागच्या बाजूनं हाक आली, सूत तुटलं म्हणून. मशीन अगदी मंद केलं. मागचा कामगार सिलिंडरांच्या तोंडाशी येऊन थांबला. पुढं उभ्या असलेल्या सायझरनं, म्हणजे मशीन चालवणाऱ्यानं, थांबवायच्या लाल बटणावर पंजा ठेवला आणि ओरडून सांगितलं, "धरलंय." तेव्हा कुठं मागचा आत वाकला, तुटलेलं सूत काढलं, जोडलं, बाहेर आला. पुढच्यानं त्याला पायापर्यंत नीट बघितलं आणि मगच बटणावरचा हात काढला.

हे मी त्या शेडमध्ये कितीदा बघितलं होतं. काकूंच्या सायझिंगचा तो दंडकच होता. बाकीचे सायझिंगवाले हसायचे, राजमतीबाईंकडे एका गाठीला दोन माणसं लागतात म्हणून.

"काकू," मी म्हटलं, "आत जाणारा माणूस एकटाच गेला आणि आतूनच त्यानं बटण धरलं, तर चालेल?"

काकू वळल्या. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. विचारते."

"आमच्या ह्यांनी तसंच केलं हुतं." मशीनच्या आवाजातही त्यांचं बोलणं आम्हा तिघांना स्वच्छ ऐकू येत होतं. "दुसरा माणूस कशाला पाहिजे म्हणून त्यांनी बटणाला एक दोरी बांधली आणि आत सोडली. आत शिरलं की पयलं दोरी धरायची, काम करायचं, दोरी सोडायची, बाहेर यायचं. लई हुशारी वाटली हुती सगळ्यास्नी. एक दिवस हात दोरीपातुर जायच्या आधीच शर्टाची बाही गुतली. पंजा गेला त्यांचा."

तात्यांना हे माहीत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मला माहीत नव्हतं. काकूंचे यजमान मी कधी बघितले नव्हते. असं कुणाच्या दुखण्यावर बोट ठेवून आपलं म्हणणं खरं करायचं नव्हतं मला.

पुढचा प्रश्न माझा नव्हता. दाबके सरांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, ती दोरी... किती दिवस नीट चालली होती?"

"दिवस? वर्षं चालली की. रोज वापरायचे."

दाबके सरांनी लॅपटॉप उघडला आणि माझ्या बाजूला वळवला. "लिहा," ते म्हणाले.

मी त्यांची धरायची ओळ खोडली, सोडायची ओळ खोडली, आणि तक्त्याच्या रकान्यात लिहिलं, ओनर म्हणजे धिस मॉड्यूल. सेटिंग बदलणाऱ्या बटणाच्या कामातही भर घातली: कर्नल नाही म्हणाला तर थांबायचं आणि परत विचारायचं. चालू बीम भरून मशीन थांबल्यावर नवा मॉड्यूल तयार करून डब्यात घातला आणि डबा जोडला.

"आता हे सुतावर दाखव," काकू म्हणाल्या. "रिकाम्या मशीनवर नगं."

तात्या मध्ये पडले. "काकू, आधी रिकामं बघूया. परत काही झालं तर—"

"तात्या," मी म्हटलं, "सुतावरच लावा. मी सांगते म्हणून लावा."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदाच. हे बीम करपलं तर दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानाची पायरी कुणी चढणार नव्हतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते काकूंकडे वळले. "काकू, पोरीनं जे लिवलंय ते मगदूमानं लिवलंय असं समजा. काय झालं तर मला विचारायचं, तिला न्हाई."

आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. पुढं परदेशातल्या लोकांनी माझा कोड घेतला, टाळ्याही वाजल्या. पण काम व्हायच्या आधी, ते होईल की नाही हे माहीत नसताना, कुणी माझ्या बाजूनं असं उभं राहिलेलं ते पहिलं. मी उगाचच कीबोर्डची वायर नीट करत बसले.

मशीन भरधाव चालू झालं. पांढरं सूत खळीतून निघून सिलिंडरांवर चढलं, वाफ उठायला लागली. पडद्यावर आकडे सरकत होते, म्हणजे पडद्याचा प्रोग्राम मॉड्यूलच्या आत होता. मी मॉड्यूल काढून टाकायचा हुकूम लिहिला आणि कीबोर्ड काकूंपुढे धरला.

"हे बटण दाबा. काल सकाळी बंद पडलेल्या डब्यात हे असं दाबलं असतं तर मशीन बंद पडलं असतं."

"मीच दाबू?"

"तुमचंच मशीन आहे."

काकूंनी पदराला हात पुसला आणि एका बोटानं ते बटण दाबलं. तात्यांनी डोळे मिटले होते. मशीन चालतच राहिलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय, माणूस आत आहे. काढणार नाही."

काकूंनी परत दाबलं. परत तीच ओळ. मग त्यांनी मुद्दाम माझ्याकडे न बघता, चोरून दाबल्यासारखं, तिसऱ्यांदा दाबलं. तेच उत्तर. "हट्टी हाय," त्या म्हणाल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसल्या. मग सायझरला त्यांनी चालू मशीनवर ताण बदलायला सांगितला. त्यानं सेटिंगचं बटण दाबलं. पडद्याचा प्रोग्राम बाहेर पडेतोवर डबा क्षणभर थांबला, मॉड्यूल निघाला, परत बसला, नवे आकडे झळकले. सुताला त्याचा पत्ताही लागला नाही. बीम पुरा भरेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत, आणि आम्हीही.

"बसवा," बीम उतरल्यावर त्या तात्यांना म्हणाल्या. "शेजारच्या मशीनवर पण बसवा. आणि कोण विचारायला आलं तर माझ्याकडं पाठवा."

दाबके सर एका सुताच्या पेटीवर बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होते. मला वाटलं आवराआवर चालली असेल. मी जवळ गेले.

"तात्यासाहेबांशी बोललो मी," ते मान वर न करता म्हणाले. "हा ड्रायव्हर यापुढे तुम्ही सांभाळा. पुढचेही तुम्हीच लिहा. मला पुण्यात जाऊन माझ्या जुन्या ड्रायव्हरांमधल्या सगळ्या दोऱ्या काढायच्या आहेत, आणि त्या थोड्या नाहीत." मग त्यांनी फाइलचा शेवट उघडला. तिथं मॉड्यूल कुणी लिहिला ते सांगणारी ओळ असते, आणि तो मॉड्यूल जिथं जिथं जाईल तिथं ती त्याच्याबरोबर जाते. तिथं त्यांचं नाव होतं. ते त्यांनी एक ओळ खाली सरकवलं आणि वरच्या रिकाम्या जागेत कर्सर आणून ठेवला.

"पूर्ण नाव सांगा."

"त्रिशला आदगोंडा खोत," मी म्हटलं. वडिलांचं नाव मी जरा मोठ्यानंच उच्चारलं.

ते लिहीत असताना काकू मागून येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्याकडे निरखून बघितलं. अक्षरं इंग्रजी होती, पण त्यांना काय लिहिलंय ते विचारावं लागलं नाही.

"नुसत्या नावानं कसं कळंल कुठली ते?" त्या दाबके सरांना म्हणाल्या. "गाव लिवा की पुढं."

दाबके सरांनी स्वल्पविराम दिला आणि इचलकरंजी लिहिलं.